तटाखालच्या दोघी बहिणी

किल्ल्याच्या पायथ्याशी, जिथं बस वळते, तिथं एकच लांबलचक दगडी घर होतं आणि त्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं थोरली आत-बाहेर करायची, मागच्या दारानं धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी. "सख्ख्या नसत्या तर इतकं वर्मावर मारता आलं नसतं," असं टपालवाला म्हणायचा. टपालवाला म्हणजे धाकटीचा नवरा. मवाळ माणूस. लग्नानंतर नवव्या वर्षी त्यानं आपली ट्रंक उचलली आणि तालुक्याच्या गावी खोली घेतली. भांडण नाही, तंटा नाही. जाताना एवढंच म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये निदान भिंत तरी आहे. माझ्या आणि तुमच्या मध्ये काहीच नाही." रविवारी मात्र तो न चुकता यायचा, बायकोच्या हातचा चहा प्यायचा आणि चारच्या बसनं परत जायचा.

त्यांचा बाप किल्ल्याचा राखणदार होता. आई धाकटीच्या बाळंतपणातच गेली. बापाला मुली वाढवायच्या कशा ते ठाऊक नव्हतं, कुत्री वाढवायची तेवढी माहीत होती. दोघी भांडल्या की तो लगेच कमरेचा पट्टा काढायचा नाही. दोघींच्या बखोटीला धरून किल्ल्यावर न्यायचा, तळघराच्या कोठडीत ढकलायचा आणि बाहेरून म्हणायचा, "संपवा काय ते. मग हाक मारा." हाक मारल्यावर दार उघडायचं. जिच्या अंगावर ओरखडे जास्त, तिला तो पट्ट्यानं मारायचा. "मार खाऊन येतेस? लाज नाही वाटत?"

धाकटी तीन वर्षांनी लहान. पहिली काही वर्षं रोज तीच दोनदा मार खायची, आत एकदा आणि बाहेर एकदा. आठव्या वर्षी ती चावायला शिकली. त्या दिवशी पट्टा पहिल्यांदा थोरलीच्या पाठीवर बसला, आणि थोरलीनं रडता रडता बहिणीकडे असं पाहिलं, की धाकटीला जिंकल्याचा आनंद झालाच नाही.

एक गोष्ट मात्र होती. धाकटी कितीही चिडली, कितीही शिव्या दिल्या, तरी थोरलीला ताईच म्हणायची. "ताई, तुझं थोबाड फोडीन!" असं. आणि थोरली तिला जन्मभर कार्टीच म्हणाली.

बाप मेला तेव्हा घराच्या वाटण्या झाल्या. गवंड्यानं स्वयंपाकघराच्या बरोबर मधून विटांची भिंत उचलली. थोरलीकडे रस्ता आला, आणि ज्यांच्या खिडक्यांतून किल्ला समोर दिसतो त्या दोन खोल्या. धाकटीकडे पाण्याचा पंप, चूल, आणि ज्यांच्या खिडक्यांतून गोठा दिसतो त्या दोन खोल्या. एकीकडे देखावा, दुसरीकडे पाणी. गावातला एक म्हातारा म्हणाला, "वाटणी नाही ही, भांडणाला खतपाणी आहे."

दोघींनीही खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. किल्ला बघायला लोक येत. तसा किल्ला मोडकळीलाच आलेला. खंदक कोरडा, त्यात काटेरी झुडपं माजलेली. मोठ्या दालनाला छप्पर नाही, वरच्या मजल्याची जमीन कधीच कोसळलेली, त्यामुळे वरची शेकोटीची जागा भिंतीत अधांतरी लटकलेली दिसायची. शहरातली माणसं ते बघून हळवी व्हायची. मग खाली उतरून शेतांमधून फिरायची, गायींचे फोटो काढायची आणि दोन-तीन दिवस राहायची. बस आली की दोन्ही बहिणी थांब्यावर हजर. बॅगेचा एक बंद हिच्या हातात, दुसरा तिच्या. एकदा एका सद्गृहस्थाची बॅग मधोमध फाटली आणि त्याचे आतले कपडे रस्त्यावर पसरले. तो आल्या बसनंच परत गेला.

तोवर हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग पाटीचा प्रकार झाला.

धाकटीनं वळणावर एक पाटी लावली होती, 'किल्ल्याजवळ राहण्याची सोय', आणि खाली मागच्या दाराकडे जाणारा बाण. थोरलीनं बाणावर चुना फासून तो पुढच्या दाराकडे वळवला. भर दुपारी धाकटी बाण सरळ करायला गेली. पाटी थोरलीच्या लोखंडी फाटकाशेजारीच होती. धाकटीनं तोल सावरायला डावा हात फाटकाच्या चौकटीवर ठेवला. थोरली आतून शांतपणे चालत आली आणि तिनं सगळं अंग टाकून फाटक आपटलं.

दोन बोटांची पेरं जागच्या जागी गेली. धाकटी ओरडलीसुद्धा नाही. तिनं हात एप्रनमध्ये गुंडाळला, एप्रन लाल होत गेला, आणि ती म्हणाली, "ताई, आता बघ."

"काय बघू? दोन बोटं कमी झाली, नखं कापायचा त्रास वाचला," थोरली म्हणाली.

धाकटीनं पाच महिने वाट पाहिली. थोरलीला सवय होती, रोज सकाळी अंगणातल्या भिंतीला स्टूल लावायचं, वर चढायचं आणि पलीकडच्या धाकटीला चार शब्द ऐकवायचे. चहाइतकीच नियमाची गोष्ट. त्या दिवशी धाकटी पाहुण्यांच्या चादरी उकळत होती. भिंतीवर थोरलीचं डोकं आलं. "काय गं कार्टे, ढेकूण शिजवतेस की काय पाहुण्यांचे?" धाकटीनं पातेलं उचललं आणि भिंतीवर रिकामं केलं.

कानापासून खांद्यापर्यंत थोरलीची कातडी सोलून निघाली. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. पोलीस आले, तेव्हा थोरलीनंच त्यांना हाकलून दिलं. "घरातलं आहे," म्हणाली. बोटांच्या वेळी धाकटीही हेच म्हणाली होती. त्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं.

धाकटीला त्या पाण्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते कुत्र्याचं.

थोरलीकडे एक तांबडा कुत्रा होता. अर्धा डोळा पांढरा, स्वभावानं तापट, पण थोरलीच्या पायाशी लोकरीच्या गुंड्यासारखा पडून राहायचा. एकदा धाकटीकडे उतरलेल्या एका बाईच्या पोटरीचा त्यानं लचका तोडला. बाई किंचाळत अंगणात पडली, कुत्रा दात रोवून बसला होता, सोडेना. धाकटीनं गोठ्याला टेकलेलं फावडं उचललं. पहिल्या घावानं त्याचा जबडा सुटला आणि तो मागच्या पायांवर बसला. तिथंच थांबता आलं असतं. कुत्रा मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता, ओळखीचं माणूस असं का करतंय हे न कळल्यासारखं. धाकटीनं फावडं पुन्हा उचललं.

थोरली आली. तिनं कुत्र्याला खांद्यावर टाकलं. परसात खड्डा खणला, त्याला पुरलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बस आली तर थोरली थांब्यावर नाही. पाहुणे सगळे धाकटीकडे यायला लागले, दोन्ही खोल्या भरल्या, आणि धाकटीची झोप उडाली. रविवारी नवऱ्याला म्हणाली, "ती बोलत नाही."

"बरंच की."

"तुम्हाला कळत नाही. ती बोलत नाही म्हणजे ती हातानं बोलणार आहे."

"मग तू जाऊन बोल. कुत्र्याबद्दल वाईट वाटतं म्हणून सांग."

"मी?" धाकटीनं कप इतक्या जोरात ठेवला की कान तुटला. "आधी तिनं बोटांबद्दल सांगावं."

त्याच महिन्यात नकाशेवाले आले. हे एक म्हातारं जोडपं दरवर्षी पानगळीच्या सुमाराला धाकटीकडे आठवडाभर उतरायचं. म्हातारा मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. घडीची लाकडी पट्टी आणि वही घेऊन किल्ल्याचा एकेक दगड मोजायचा, नकाशा काढायचा, खोडायचा, पुन्हा मोजायचा. त्याची बायको पूर्वी दवाखान्यात नर्स होती. ती कुठंतरी उन्हात बसून स्वेटर विणायची. धाकटीला ही दोघं आवडायची, कारण ती भाड्यात घासाघीस करायची नाहीत आणि एकमेकांशी हळू आवाजात बोलायची. माणसं अशीही राहू शकतात, याचं तिला दरवर्षी नव्यानं नवल वाटायचं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती त्यांना घेऊन वर गेली. दरवाज्याशी थांबून तिनं नेहमीची हकिकत सांगितली. वेढा कसा पडला, आतल्यांचं धान्य कसं संपलं, शेवटी आतल्या बायकांनी आपल्याच तटाचे दगड उपसून खालच्यांच्या डोक्यात कसे घातले. "आणि या भोकातून उकळतं पाणी ओतायचे. माणसाची कातडी अशी निघते," म्हणत तिनं हातानं दाखवलं. बाईंनी अंग चोरलं. "तुम्ही फार खरं सांगता हो," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याला उत्तरेकडच्या बुरुजाची वरची रुंदी हवी होती. तिघं गोल जिन्यानं वर चढली. पुढं धाकटी, मागं म्हातारा, शेवटी धापा टाकत बाई. शेवटच्या पायरीवर धाकटीनं डोकं बाहेर काढलं आणि तिला समोर थोरलीचे बूट दिसले.

थोरली कठड्याला टेकून उभी होती. तिच्या हातात धाकटीचं फावडं होतं.

"पाहुण्यांना खाली ने, ताई," धाकटी म्हणाली. म्हणजे तिला म्हणायचं होतं, त्यांना जाऊ दे. पण जीभ अडखळली.

"त्यांना बघू दे की. किल्ला बघायलाच आलेत ना?" थोरली म्हणाली आणि फावडं फिरवलं.

ते डोक्यावर यायचं, खांद्यावर आलं. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज धाकटीनं स्वतः ऐकला. ती गुडघ्यावर आली. म्हातारा "अहो, अहो बाई" म्हणत मध्ये पडला, लाकडी पट्टी पुढं करून, जणू त्या पट्टीनं काही अडणार होतं. फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. चष्मा उडाला, पुढचे दात गेले, तो जिन्याच्या तोंडाशी बसकण मारून रक्त थुंकायला लागला. बाई किंचाळत त्याच्याकडे धावल्या.

तेवढ्या वेळात धाकटी उठली. उजवा हात लुळा पडला होता. तिनं डोकं खाली घातलं आणि बैलासारखी सरळ बहिणीच्या पोटात घुसली. फावडं खणकन पडलं. मग दोघी एकमेकींना भिडल्या त्या चाळीस वर्षांपूर्वीसारख्याच. धाकटीनं थोरलीच्या मनगटाला दात लावले ते हाडापर्यंत. थोरलीनं मोडल्या हाडावर मूठ मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. धाकटीच्या डोळ्यापुढं काजवे चमकले. तिनं थोरलीच्या केसांत हात घातला, तोच दोन बोटं तोकडी असलेला हात, आणि तिला कठड्यावर मागं वाकवलं. कठड्याचे दगड सुटे होते. एक घरंगळला. खूप वेळानं खाली आदळल्याचा आवाज आला.

दोघींनाही तो ऐकू आला. दोघी थांबल्या.

थोरलीचं अर्धं अंग कठड्याबाहेर होतं. तिचे केस धाकटीच्या मुठीत होते. ओढलं असतं तर ती आत आली असती. पुढं कोर्टात, वकिलापुढं, नवऱ्यापुढं धाकटीनं हे कधी लपवलं नाही. "मला कळत होतं," ती म्हणायची. "डोकं थंड होतं माझं. ओढायचं की ढकलायचं, दोन्ही हातात होतं."

तिनं ढकललं.

ती जिना उतरायला लागली. मेली असेल तर सुटले, असं ती स्वतःला सांगत होती, आणि प्रत्येक पायरीला तोंडानं मात्र "ताई, ताई" चाललं होतं. खंदकात काट्यांमध्ये थोरली उताणी पडली होती. एक पाय नको तिकडे वळलेला. डोळे उघडे.

"काय बघतेस? ये खाली," थोरली म्हणाली.

धाकटीनं तिच्या काखेत हात घातला तेव्हा वरून नकाशेवाल्यांच्या बाई ओरडल्या, "हलवू नका! पाठीला लागलं असेल, हात लावू नका!" त्या नवऱ्याच्या तोंडाला रुमाल बांधून खाली आल्या आणि त्यांनी थोरलीचे पाय चाचपले. मग त्या रस्त्याकडे मदत आणायला धावल्या. साठी उलटलेली बाई, पण धावल्या.

रुग्णवाहिका यायला तासभर लागला. तो तासभर दोघी त्या काट्यांत होत्या. धाकटीनं आपला स्वेटर काढून बहिणीच्या अंगावर टाकला, एका हातानं, दात आवळून. मग थोरलीनं विचारलं, "त्याला एका घावात मारलंस का?"

कशाबद्दल विचारतेय हे धाकटीला लगेच कळलं. खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "दोन लागले."

"मधे थांबलीस?"

"थांबले."

थोरलीनं डोळे मिटले. "पायाला काही लागत नाहीये," ती म्हणाली. "चिमटा काढून बघ." धाकटीनं चिमटा काढला. "काढलास का?" "काढला, ताई." "काढ की मग." धाकटीनं पुन्हा काढला, रक्त येईपर्यंत काढला, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

पोलीस दवाखान्यात आले. थोरली पलंगावरून म्हणाली, "पाय घसरला." म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय काही दिसलं नव्हतं. पण बाईंनी सगळं पाहिलं होतं आणि त्यांनी सगळं सांगितलं. फावडं कुणी उचललं तेही, आणि कुणी कुणाला ढकललं तेही. कोर्टात थोरलीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. न्यायाधीशांनी विचारलं, बहिणीला वाचवायला खोटं का बोलता? थोरली म्हणाली, "वाचवायला कशाला? तिला तुम्ही कोंडून ठेवलंत तर मी भांडू कुणाशी? खुर्चीशी?" लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. थोरलीची प्रकृती बघून तिला समज देऊन सोडलं. धाकटीला दीड वर्षाची शिक्षा झाली.

त्या दीड वर्षात थोरलीचं कुणी केलं? टपालवाल्यानं. तो ट्रंक घेऊन परत आला, थोरलीकडे राहिला, तिला उचललं, पुसलं, भरवलं. तिनं त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं. तो म्हणायचा, "मी चाळीस वर्षं कुत्र्यांच्या भुंकण्यातून पत्रं वाटलीत. तुमचं काय घेऊन बसलात?" पंपाचं पाणी भिंतीला वळसा घालून आणताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी त्यानं एक दिवस घण आणला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं.

धाकटी सुटून आली ती त्या भगदाडातून आत आली. थोरलीनं हातातला कप फेकून मारला. नेम चुकला नव्हता, धाकटीच्या भुवईतून रक्त आलं. तिनं ते मनगटानं पुसलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

"हा तुझा नवरा मीठ घालत नाही कशात."

"त्याला कधीच कळलं नाही मिठाचं," धाकटी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

गावातले लोक म्हणायला लागले, बघा, शेवटी रक्ताचं नातं. धाकटीला त्याचा राग यायचा. समेट वगैरे काही झाला नव्हता. थोरलीला अंघोळ घालताना थोरली चिमटे काढायची, केस ओढायची, एकदा तर डोळ्यांत साबण असताना तिनं धाकटीचा कान चावला. धाकटीही काही संत नव्हती. पाणी मुद्दाम गार घ्यायची. कूस बदलायला लावताना गरजेपेक्षा जास्त जोर लावायची आणि मग दिवसभर स्वतःशी धुसफुसायची. पण पाठीला एकही जखम होऊ दिली नाही तिनं. पाच वर्षं, दर तीन तासांनी कूस. डॉक्टर म्हणाले, असं दवाखान्यातसुद्धा होत नाही.

पाचव्या हिवाळ्यात थोरलीच्या छातीत कफ भरला. चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "कार्टे, खिडकी उघड." धाकटी म्हणाली, "थंडी आहे." "उघड म्हणते ना!" धाकटीनं खिडकी उघडली. ती वळून बघते तो थोरली गेलेली होती.

मातीला फार लोक नव्हते. नकाशेवाल्यांच्या बाई मात्र आल्या, एकट्याच. म्हातारा आदल्या वर्षी गेला होता. सगळे पांगल्यावर त्या धाकटीजवळ आल्या. "माझ्यावर राग असेल तुमचा," त्या म्हणाल्या. "माझ्या साक्षीनं तुम्हाला तुरुंग लागला."

"छे हो. तिथं खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होता," धाकटी म्हणाली. "राहा दोन दिवस. खोल्या रिकाम्याच आहेत."

बाईंनी किल्ल्याकडे पाहिलं, मग घराकडे. "नको. मला इथं झोप यायची नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चारची बस धरली.

धाकटी घरात आली. थोरलीचा पलंग तसाच होता. तिनं गादीची वळकटी केली, ती अंगणात ओढत नेली, दोरीवर टाकली आणि धूळ झाडायला काठी घेतली. पहिले चार-पाच फटके बेताचे होते. मग तिनं दोन्ही हातांनी काठी धरली. मोडून जुळलेलं हाड ठणकत होतं, तरी ती मारत राहिली. खोळ फाटली, कापूस उडायला लागला, तिच्या केसांत, तोंडात, अंगणभर. काठी मधोमध मोडली तेव्हा ती उरलेल्या तुकड्यानं मारायला लागली.

टपालवाला दारात उभा राहून बघत होता. त्यानं तिला थांबवलं नाही. तो आत गेला आणि त्यानं चहाचं आधण ठेवलं.